कर्दमराजे

महादू पाष्टे श्रावणात गेले. भाताची लावणी उरकली, ताप आला आणि दोन दिवसांत सगळं संपलं. त्यांचा पुतण्या सुधीर यानं फोन करून कळवलं, तेव्हा मी एका ऐतिहासिक मालिकेच्या शेल्यांना इस्त्री करत होते. इस्त्री बंद केली आणि खुर्चीत बसले. सुधीर म्हणाला, "शेवटाला आमी सगळ्यांनी हाका मारल्या, पर काकानं ओ न्हाय दिली." मला रडू यायच्या आधी हसू आलं. हाकेला ओ न देणं ही महादूभाऊंची जुनी खोड होती, आणि तिच्यापायी त्यांनी एकदा आमचं अख्खं युनिट भरतीच्या पाण्यात उभं केलं होतं.

मी मालिकांचा कपडेपट सांभाळते. त्या वर्षी आमची मालिका बोर्ली पंचतनच्या पुढे, खाडी समुद्राला मिळते तिथल्या एका वाडीजवळ चालू होती. मालिकेचं नाव लांबलचक आणि संस्कृत होतं, आम्ही तिला नुसतं 'बेट' म्हणायचो. बेटावर शापित राजा, पंखवाल्या पऱ्या, उडणारी होडी असा सगळा मामला होता. पडद्यावर ते अद्भुत दिसत असेल. मागच्या बाजूनं ते बांबू, सुतळी आणि गोणपाट होतं. पऱ्यांचे पंख आम्ही डिंकानं चिकटवले होते, त्यांना रोज मुंग्या लागायच्या. राजाच्या पाठीला घामोळं आलं होतं, आणि राजमुकुटात कोंबडी बसलेली मी स्वतः पाहिली आहे. राजवाड्याची भिंत थर्माकोलची. खारा वारा सुटला की दोन माणसं ती मागून धरून उभी राहायची आणि पुढे राजा राज्य करायचा.

या बेटावरचा मोठा असुर म्हणजे कर्दमासुर. खाडीच्या चिखलातून वर येणारा. त्याचा पोशाख फोम, काथ्या आणि रबराचा होता. तो अंगावर चढवायला दोन माणसं लागत, पाठीमागे चेन, वरून भला थोरला मुखवटा. मुखवट्याच्या तोंडात जाळी होती, तिच्यातून दिसेल तेवढंच जग आतल्या माणसाला दिसे. हे काम करायला मुंबईहून एक नाच शिकलेला मुलगा आणला होता. पहिल्याच आठवड्यात त्याला उन्हानं भोवळ आली. मग त्याच्या आईचा निर्मात्याला फोन आला. ती काय बोलली ते निर्मात्यानं कुणाला सांगितलं नाही, पण मुलगा संध्याकाळच्या एसटीनं परत गेला.

महादूभाऊ तेव्हा सेटला बांबू पुरवत होते. साठी ओलांडलेला, उंच, काटक माणूस. मिशी मात्र काळीभोर, कारण ती रंगवलेली होती. बांबू उतरवून झाले की चहाचा कप हातात धरून ते तासभर सगळ्यांच्या चुका बघत बसायचे. त्या दिवशी रिकामा पोशाख दोरीवर वाळत होता. आमचा व्यवस्थापक वैतागून म्हणाला, "आता ह्यात कोण जाणार? तुम्ही जाता का, पाष्टे?" तो थट्टा करत होता. महादूभाऊंनी कप खाली ठेवला, चपला काढल्या, मुखवट्यासमोर वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "चढवा."

ते चिखलातून चालत वर आले तेव्हा सगळ्यांचं बोलणं थांबलं. आधी खांदा यायचा, मग छाती, आणि पाय जणू मागून नाइलाजानं ओढले जायचे. मुंबईचा मुलगा असुरासारखा नाचायचा. हे मात्र खरोखरच कुणीतरी चिखलातून निघालं होतं आणि त्याला यायचं नव्हतं. दिग्दर्शक निखिल माझ्या कानाशी पुटपुटला, "ताई, हे कुठे शिकले असतील?"

ते मला माहीत होतं. मी अलिबागकडची, पण माझं आजोळ त्याच पट्ट्यात. तिकडच्या शिमग्यात पालखीबरोबर संकासूर असतो. काळी कफनी, डोक्यावर उंच टोकाची टोपी, तोंडावर काळा मुखवटा, पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. तो घरोघर अंगणात नाचतो, पोरांना दोरीनं झोडपतो आणि कधी एक शब्द बोलत नाही. लोक त्याच्या पाया पडतात, त्याला नवस बोलतात. वाडीच्या संकासुराचा मान पाष्ट्यांच्या घरात होता आणि महादूभाऊ तरणे होते तेव्हापासून तो मुखवटा घालत आले होते. त्यामुळे फोमचा असो की कापडाचा, मुखवट्याची एकच रीत त्यांना ठाऊक होती. चपला काढायच्या, पाया पडायचं, आणि तो एकदा चढला की उतरेपर्यंत बोलायचं नाही.

आता ती भरतीची दुपार. कर्दमासुर खाडीत गुडघाभर पाण्यात उभा. किनाऱ्यावर तीन कॅमेरे, धुराचं मशीन, होडीत राजकन्या. आमची सहायक दिग्दर्शिका रिया भोंग्यातून ओरडली, "महादूकाका, थोडं लेफ्टला या!" असुर हलला नाही. "महादूकाका! लेफ्ट! डावीकडे!" असुर ढिम्म. पाणी मांड्यांपर्यंत आलं. व्यवस्थापकानं ओरडून पाहिलं, निखिलनं हातवारे केले. पाणी कॅमेऱ्यांच्या तिपायांना लागलं, माणसं कॅमेरे उचलून मागे पळाली, होडी वळून राजकन्येची पाठ कॅमेऱ्याकडे झाली. पोशाखानं पाणी धरलं तर वाळायला दोन दिवस जातील, या धास्तीनं मी साडी खोचून पाण्यात शिरले. जवळ गेले, जाळीतून त्यांचे डोळे दिसले. शांत. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी हात जोडले आणि म्हटलं, "कर्दमराजे, डावीकडं पाऊल घ्यावं."

राजे डावीकडे सरकले.

मुखवटा उतरल्यावर मी त्यांच्यावर तोंडसुख घ्यायला सुरुवात केली. ते केसांतून चिखल काढत शांतपणे म्हणाले, "आत महादू नसतो, बाय. घरात नसलेल्या मानसाला किती हाका मारशील?" त्या दिवसापासून सगळं युनिट असुराला अहोजाहो करू लागलं. रियासुद्धा भोंग्यातून म्हणायची, "कर्दमराजे, जरा थांबा प्लीज."

मुखवट्याबाहेर मात्र हा माणूस अखंड बोलायचा. कुणाची नक्कल करील, कुणाचं लग्न जमवील, कुणाच्या जेवणाला नावं ठेवील. युनिटच्या आमटीला ते 'खाडीचं पाणी' म्हणायचे आणि तीन वाट्या प्यायचे. वय विचारलं तर दर वेळी वेगळं सांगायचे. रोज सकाळी माझ्या आरशापुढे उभे राहून मिशीला काळं लावायचे. मी म्हणायची, "भाऊ, वरून एवढा मुखवटा चढणार. मिशी बघतंय कोण?" ते म्हणायचे, "मी हाय न."

घुंगरांची गंमत तर सगळ्या युनिटनं अनुभवली. कमरेला घुंगरं नसतील तर चाल येत नाही, असं म्हणून त्यांनी माझ्याकडून पोशाखाच्या आत पट्टा शिवून घेतला. त्याची कल्पना आमच्या ध्वनिमुद्रक अन्वरला नव्हती. असुर चालला की त्याच्या कानात छुन् छुन्. त्यानं दोन दिवस सुरूच्या बनातून बकऱ्या हाकलायला माणसं पाठवली. बकऱ्या संपल्या, आवाज संपेना. शेवटी चोरी उघडी पडली, तेव्हा अन्वर माझ्यावर उखडला आणि महादूभाऊ माझ्यामागे उभे राहून मान हलवत होते, जणू सगळा दोष माझाच. तडजोड म्हणून मी घुंगरांत कापूस भरला. एकच मोकळं ठेवलं, डाव्या कुशीतलं. आत तहान लागली, जीव घाबरला, तर बोलायचं नाही हा त्यांचा हट्ट. मग ते ती कूस हलवायचे. ते एक घुंगरू वाजलं की मी पाण्याची बाटली आणि नळी घेऊन धावायची.

एकदा नळी जाळीतून आत सरकवताना मी सहज विचारलं होतं की शिमग्यात लोक काय काय मागतात. त्यांनी मुखवटा उतरल्यावर उत्तर दिलं. "सगळं मागतात. पोर, म्हस, कोर्टाचा निकाल. मला मातर कवा कोणाकडं मागता आलं न्हाय. आमच्या गावात मागायचं ते संकासुराकडं, आन संकासूर मीच. मी कोनाच्या पाया पडू?" हे त्यांनी हसत सांगितलं होतं. मीही हसले होते.

त्यांची बायको यशवदा एकदाच सेटवर आली. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी घेऊन, सुधीरचा हात धरून. माझ्या कपड्यांच्या तंबूत बसली. ठेंगणी, हसरी बाई. बोलताना माझ्याकडे न बघता माझ्या शेजारच्या हँगरकडे बघत होती, तेव्हा कळलं की तिच्या डोळ्यांत काहीतरी बिघाड आहे. साखरेनं डोळे खाल्ले होते. पनवेलला सुया झाल्या, लेसर झालं. एक डोळा गेला होता, दुसऱ्यानं समोरचं थोडं धुक्यातून दिसायचं, आणि तेही फार दिवस दिसणार नाही असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

"सगळं गाव बोलतं, यशवदे, तुजा घरवाला टीवीत हाय," ती म्हणाली. "मी टीवीला नाक लावून बगते. तितं नुसता चिकल. शिमग्यात तेच. जल्मभर त्याच्या पाया पडले, पर सनासुदीला घरवाला कवा दिसला न्हाय. बाकीच्या बायकांचे घरवाले नव्या सदऱ्यात मिरवतात, माजा काळ्या कपड्यात. येकदा त्यांचं तोंड टीवीत दिसूंदे, बाय. मंग डोळं गेलं तरी चालंल."

तेवढ्यात शॉट संपला आणि कर्दमराजे पाणी प्यायला तंबूच्या तोंडाशी आले. यशवदा उठली. मला वाटलं नवऱ्याशी काही बोलेल, भाकरी दाखवील. ती चाचपडत पुढे गेली, पदर डोक्यावर घेतला आणि त्या रबरी, चिखलानं माखलेल्या पायांवर डोकं ठेवलं. "देवा," ती म्हणाली, "माजा येक डोळा ऱ्हाऊंदे. जास्ती न्हाय मागत. येक ऱ्हाऊंदे."

आत कोण आहे हे तिला ठाऊक होतं. पण मुखवटा चढला होता. तिच्या लेखी तिथे तिचा नवरा नव्हताच, ज्याच्याकडे मागायचं तो होता. आणि त्याला बोलता येत नव्हतं. तो नुसता उभा. मी नळी धरून उभी होते आणि मला त्या डाव्या कुशीतलं घुंगरू ऐकू येत होतं. ते बराच वेळ थांबेना, आणि पाणी तर त्यांनी घेतलं नाही.

ती गेल्यावर मी चेन उघडली. मुखवटा काढला तर तोंड ओलंचिंब आणि मिशीचा रंग हनुवटीवर ओघळलेला. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "घाम हाय." मग तोंड पुसत म्हणाले, "आत मी नसतो, बाय. आज व्हतो."

यशवदाचं बोलणं मी निखिलच्या कानावर घातलं. पोरगा तापट होता, पण मनानं बरा. कथेत शेवटी कर्दमासुराला उःशाप मिळून तो माणूस होणार होता. मुखवटा गळून पडणार आणि खालून एक देखणा नट बाहेर येणार असं ठरलं होतं. निखिल म्हणाला, "चिखलातून देखणा माणूस कशाला यायला हवा? महादूकाकाच येऊ देत." नटाला कळवून टाकलं. मी आनंदानं तंबूत जाऊन महादूभाऊंना सांगितलं. ते मिशीला रंग लावत होते. त्यांचा हात थांबला.

"लोकांसमोर काडायचा?" त्यांनी विचारलं.

"लोकांसमोर म्हणजे कॅमेऱ्यासमोर. सगळा महाराष्ट्र बघणार. यशवदावहिनी बघणार."

त्यांनी रंगाची डबी बंद केली. दुसऱ्या दिवशी कळलं की ते संध्याकाळी गावकीपुढे, म्हणजे वाडीतल्या जाणत्या मंडळींपुढे, आपणहून जाऊन बसले होते. तिकडची रीत अशी की मुखवटा उतरवायचा तो देवळाच्या मागे, पडद्याआड. मुखवटा घातलेल्याचं तोंड चारचौघांत उघडं पडलं की मान गेला. पुढच्या शिमग्याला मुखवटा दुसऱ्याकडे जातो, परत येत नाही.

काय झालं ते मी त्यांना पोशाख चढवता चढवता विचारलं. ते म्हणाले, "मंडळी चांगली हाइत, बाय. रामभाऊ म्हातारा बोलला, महादू, तो रबराचा हाय. खोटा हाय. तू येकदा खोटा म्हन, इषय मिटला. तुजा मान तुज्याजवळ."

"मग? म्हणालात ना?"

"न्हाय."

"अहो, का?"

"यशवदा त्याच्या पाया पडली," ते म्हणाले. "तिनं त्याच्याकडं डोळं मागलं. आता त्याला खोटा कसा म्हनू?"

मी त्यांच्याशी खूप भांडले. म्हटलं, मग काढू नका मुखवटा, निखिलला मी समजावते. त्यालाही ते तयार नव्हते. संकासूर दुसरा कुणी होईल, म्हणाले, सुधीर चांगला नाचतो, आपणच त्याला शिकवलंय. तिला तोंड दाखवायला मात्र दुसरा कोणी नाही. मग मला गप्प करायला त्यांनी मुखवटा ओढून चढवला, आणि त्यानंतर बोलण्यात अर्थ नव्हता.

तो शॉट उतरत्या उन्हात झाला. ओहोटी होती, चिखल चमकत होता. रंगभूषाकार मिशी पांढरी करायची म्हणाला, शापात वर्षं गेलीत म्हणून. महादूभाऊंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो ब्रश घेऊन निघून गेला. मिशी काळीच राहिली. वाडीतली बरीच माणसं सुरूच्या बनाशी उभी होती. रामभाऊ म्हातारा पाठ फिरवून समुद्राकडे बघत बसला होता, कारण बघायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. राजकन्येनं मंत्र म्हटला. महादूभाऊंनी दोन्ही हातांनी मुखवटा धरला. मुखवटा वर गेला आणि ते उघड्या तोंडानं कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. डोळे किलकिले झाले होते. लिहिलेलं वाक्य होतं, 'राजकन्ये, मी शापमुक्त झालो.' त्यांनी भिंगात रोखून पाहिलं आणि म्हणाले, "मी हाय. वळखलंस न?"

निखिलनं दुसरा टेक घेतला नाही. राजकन्या रडत होती, रिया रडत होती. माझं विचारू नका.

नंतर जे झालं ते या धंद्यात नेहमीच होतं. एके दिवशी आम्ही जेवायला बसलेलो असताना व्यवस्थापकाच्या फोनवर निरोप आला. वाहिनीनं मालिका बंद केली होती. पुढच्या आठवड्यात दुसरी सुरू व्हायची होती. चित्रित झालेले शेवटचे भाग दाखवायला जागा नव्हती, एका भागात काहीतरी गुंडाळून टाकायचं ठरलं होतं. दुपारी थर्माकोलचा राजवाडा पाडायला घेतला. निखिल मुंबईला जाऊन वाहिनीच्या पाया पडून आला, एवढा एक चेहरा घ्या म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं, इतकंच.

शेवटचा भाग लागला त्या संध्याकाळी मी अजून तिथेच होते, कपडे पेट्यांत भरत. महादूभाऊंच्या पडवीत सगळी वाडी जमली होती. यशवदा टीव्हीच्या इतकी जवळ बसली होती की पडद्याचा निळा उजेड तिच्या कपाळावर पडला होता. महादूभाऊ दाराच्या चौकटीला टेकून उभे. चेहरा येणार नाही हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं आणि तिला सांगायची हिंमत दोघांतही नव्हती. पडद्यावर बेटाचं एक चित्र आलं. एक आवाज म्हणाला, शाप संपला आणि सगळे सुखानं नांदू लागले. मग नावं सरकू लागली.

"आला का?" यशवदानं विचारलं.

कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला.

"कवा आला? मला न्हाय दिसला. मी तर डोळं मिटलं पन न्हाय."

"फुडच्या टायमाला येनार हाय," महादूभाऊ दारातून म्हणाले, आणि बाहेर अंगणात निघून गेले. मला त्या क्षणी माझ्या धंद्याची लाज वाटली. अजूनही वाटते.

यशवदाचा दुसरा डोळा माघात गेला. सुधीरनं कळवलं. इकडे मी संकलन करणाऱ्या मुलाच्या मागे लागले होते. तो बिचारा नोकरीला घाबरत होता, पण शेवटी त्यानं तेवढा तुकडा माझ्या फोनवर पाठवला. तोवर शिमगा आला. मी सुट्टी काढून बोर्लीची एसटी धरली.

दुपारी पोचले. अंगण सारवलेलं, दाराला आंब्याचे टहाळे. महादूभाऊ कोऱ्या पांढऱ्या सदऱ्यात आणि टोपीत ओट्यावर बसले होते, मिशी काळीभोर. त्यांना शिमग्यात अशा कपड्यांत बघून मला कसंसंच झालं. त्यांनाही ते कपडे बोचत असावेत, सारखे गळ्याशी हात नेत होते. यशवदा शेजारी होती. मी फोन पुढे केला. त्यांनी तो हातभर लांब धरून पाहिला. मुखवटा वर गेला, चेहरा आला, आणि वाऱ्याच्या घरघरीतून आवाज आला, "मी हाय. वळखलंस न?"

"वळखलं," यशवदा लगेच म्हणाली. मग तिनं हात पुढे करून फोनची काच बोटांनी चाचपली. "तोंड आलंय काय त्यात? कसं दिसताव?"

महादूभाऊंनी काचेवरच्या त्या सुरकुतलेल्या, डोळे किलकिले केलेल्या माणसाकडे पाहिलं. "लगनात व्हतो तसा," ते म्हणाले.

"खोटारडे," ती म्हणाली आणि हसली. त्यांनी फोन मला परत दिला. पुन्हा मागितला नाही.

ऊन कलल्यावर ढोल जवळ आले. पालखी अंगणात टेकली, तिच्यापुढे संकासूर. तीच कफनी, तोच पट्टा, आत सुधीर. त्यानं फेर धरला. पोरगा चांगला नाचत होता, खांदा आधी, पाय मागून. महादूभाऊ बाप्यांच्या घोळक्यात कुंपणाशी जाऊन उभे राहिले होते, आणि मी पाहत होते की त्यांच्या सदऱ्याखाली डावी कूस ढोलावर हलतेय. त्यांना ते कळत नसावं.

नाच थांबला. घरच्या मालकिणीनं पुढे व्हायचं असतं. यशवदा नारळ घेऊन निघाली, अंगणाच्या मध्यावर येऊन थांबली आणि मोकळा हात बाजूला फिरवू लागली. "अवो, कुटं हाव?" ती म्हणाली. "या न हिकडं."

महादूभाऊ हलले नाहीत. सगळे त्यांच्याकडे बघत होते. रामभाऊ म्हाताऱ्यानं त्यांना कोपरानं ढोसलं, "महादू, बोलावतेय ती." तेव्हा ते गेले. तिनं त्यांचा दंड घट्ट धरला.

"इतके शिमगे गेले," ती म्हणाली, "आज पैल्यांदा जोडीनं पाया पडतोय. वाका."

दोघं वाकली. संकासूर उभा होता, काळ्या मुखवट्यात, न बोलता. त्याची घुंगरं बारीक किणकिणत होती. यशवदानं काय मागायचं ते मनात मागितलं, नारळ ठेवला आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. महादूभाऊ उठले नाहीत. त्यांनी कपाळ त्या पायांवर टेकलं होतं आणि दोन्ही हातांनी ते पाय धरले होते. टोपी सारवणावर पडली. जन्मभर लोकांनी ज्याच्याकडे मागितलं तो माणूस पहिल्यांदाच कुणाकडे तरी मागत होता, आणि त्याचं मागणं लवकर संपत नव्हतं. ढोलवाले खोळंबले. कुणी हाक मारायला धजेना.

यशवदानं खाली वाकून चाचपत त्यांची पाठ शोधली आणि तिच्यावर हात ठेवला.

"उठा आता," ती म्हणाली. "त्याला फुडच्या घरी जायाचं हाय."